कुणाचा सिला इंडिका?

"हा कोळकांदा नाही म्हणतात," मॅनेजर पाटणकर म्हणाले आणि त्यांनी कागदाची पुडी माझ्यापुढे सरकवली.

पुडीत वाळलेल्या चकत्या होत्या. पिवळट पांढऱ्या, कडेला मुडपलेल्या, चामड्यासारख्या चिवट. आमच्याच कारखान्यात कापलेल्या, आमच्याच पत्र्यांवर वाळवलेल्या. मी त्या लगेच ओळखल्या.

"कोण म्हणतं?"

"ज्यांनी पैसे द्यायचे ते. लष्कराच्या मेडिकल स्टोअर्सने सगळा माल अडवलाय. शेरा वाचून दाखवू? मागवलेली वनस्पती सिला इंडिका. आलेला माल सिला इंडिका नव्हे. संपलं."

"मग आलेला माल काय आहे म्हणतात?"

"ते लिहिलेलं नाही. ते सांगायला बॉटनिस्ट लागतो. आमच्याकडे एक आहे. त्याला आम्ही पगार देतो." पाटणकरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "सर्टिफिकेटवर सही कुणाची आहे, कुलकर्णी?"

सही माझी होती.

ही गोष्ट लढाईच्या वर्षांतली. त्या वेळी मी नगरच्या एका औषधी कारखान्यात वनस्पती तपासनीस होतो. त्याआधी हायस्कुलात सायन्स शिकवत असे, म्हणून बरेच लोक मला अजून मास्तरच म्हणत. माझे काम साधे होते. बाहेरून आलेली मुळी, साल, पान किंवा कांदा जो म्हणून आणला आहे तोच आहे की दुसरा, हे पाहायचे आणि सही करायची. माझ्या सहीनंतर माल कापायला जाई.

माझ्या स्वभावाबद्दल आताच सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. वर्गात कुणाचे पेन हरवले की मी आधी माझा खिसा चाचपत असे. कारखान्यात एखादी बरणी फुटली, तर मी त्या दिवशी तिच्या जवळून गेलो होतो का, हे आठवत बसे. तेव्हा पाटणकरांनी "सही कुणाची?" असे विचारताच माझा निकाल माझ्यापुरता लागून गेला होता. चूक माझीच असणार. फक्त कुठली, ते शोधायचे राहिले होते.

कोळकांदा म्हणजे काय, ते सांगायला हवे. हा रानातला कांदा. आपल्या खायच्या कांद्यासारखाच दिसतो, पण तोंडात घालायचा नाही. कच्चा खाल्ला तर ओकाऱ्या होतात, जास्त गेला तर हृदय बंद पडते. तोच कांदा कापून, वाळवून, अगदी मोजून दिला तर खोकल्यातला कफ सुटतो आणि दुबळे हृदय ताळ्यावर येते. विलायती औषधांत याचा एक भाऊबंद वापरत. तो भूमध्य समुद्राच्या काठावर होतो. लढाईमुळे तिकडची जहाजे बंद झाली आणि सरकारला एकदम आपल्या माळावरच्या कांद्याची आठवण झाली. नगर हे लष्कराचे ठाणे. इथल्या मेडिकल स्टोअर्सने ऑर्डर काढली आणि ती आमच्या कारखान्याला मिळाली.

माल आम्ही कर्जतच्या पलीकडून आणला होता. तिथल्या एका वाडीतले तात्याबा शिंदे गावच्या बायामाणसांकडून कांदा खणून घेत आणि पोत्यांत भरून पाठवत. थंडीच्या अखेरीस पोती आली तेव्हा कांद्यांना ना पान होते ना फूल. नुसता कांदा. मी कापून पाहिला, भिंगाखाली धरला, तुकडा जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकला आणि सही केली.

"साहेब," मी म्हणालो, "चूक माझी असेल."

"तुमची नसेल," पाटणकर म्हणाले. मला क्षणभर बरे वाटले. मग ते म्हणाले, "तुम्ही फसलात. फसणाऱ्याचा गुन्हा नसतो. फसवणाऱ्याचा असतो. माल कुणी दिला?"

"तात्याबा शिंद्यांनी."

"मग झालं. मी अर्ज तयार करतो. लष्करी मालात भेसळ केली म्हणून. फौजदार त्याला उद्या उचलून आणील."

त्या दिवसांत पोलीस आधी आत घालत आणि विचारपूस मग सवडीने करत. बेचाळीसच्या चळवळीनंतर तर कुणाला उचलायला फारसे कारणही लागत नसे. आणि लष्कराच्या औषधात भेसळ, हे तर भरभक्कम कारण होते. तात्याबांना एकदा नेले की ते घरी कधी येतील, हे कुणी सांगू शकले नसते. त्यांच्यासाठी वकील कोण देणार? हा खरा कोळकांदाच आहे, हे कोर्टात कोण सांगणार? मीच. आणि माझी सही तर आधीच खोटी ठरली होती.

"साहेब, अर्ज थांबवा. मी एकदा तिकडे जाऊन येतो."

"कशाला? सावध करायला?"

"कांदा बघायला. आता फाल्गुन आहे. आता त्याला फूल आलं असेल. फूल बघितलं की खात्री होईल."

पाटणकरांनी कॅलेंडर पाहिले. "सोमवारी मेडिकल स्टोअर्सचे सबनीस येणार आहेत. ते केमिस्ट आहेत, त्यांनीच शेरा मारलाय. ते येईपर्यंत अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये. त्यानंतर फौजदाराच्या टेबलावर."

कर्जतची सर्व्हिस मोटार त्या वेळी कोळशाच्या गॅसवर चाले. पेट्रोल लष्कराला लागे. गाडीच्या पाठीमागे एक उभी भट्टी बसवलेली असे आणि चढ आला की क्लीनर उतरून ती ढवळी. तोवर आम्ही उतारू खाली उभे राहून उन्हात गाडीकडे पाहत असू. कर्जतला पोचायला दुपार झाली. तिथून बैलगाडीने वाडीवर.

वाडीच्या तोंडाशी एक म्हातारे गृहस्थ बाजेवर बसले होते. मी विचारले, "तात्याबा शिंद्यांचं घर कुठलं?"

"ह्येच की. मीच तात्याबा शिंदे. बसा."

तात्याबांना मी पूर्वी एकदाच, तेही कारखान्याच्या फाटकात पाहिले होते. हे ते नव्हते. तरी मी म्हटले, "कांद्याच्या कामासाठी आलोय."

"कांदा?" म्हाताऱ्याने गळ्यातली तुळशीची माळ पुढे ओढून दाखवली. "आवं, मी माळकरी. आमच्या घरात कांदा शिवत बी न्हाई. कांद्याला तुमी कशाला आला माझ्याकडं?"

घरातून त्यांची सून ओरडली, "मामा, त्यांना दुसरं तात्याबा पायजेत! खालच्या आळीचं!"

खालच्या आळीत आणखी एक तात्याबा शिंदे भेटले. ते गावाला निघाले होते. "मी न्हाई," ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "वड्याच्या कडंला जावा." अखेर ओढ्याच्या कडेला माझे तात्याबा सापडले. वय पन्नाशीचे, मिशा भरदार, डोळे मिस्कील. मी धापा टाकत घडलेला प्रकार सांगितला तेव्हा ते मोठ्याने हसले.

"निस्तं तात्याबा शिंदे म्हनून इचारलं व्हय मास्तर? आमच्या वाडीत तीन तात्याबा शिंदे. बापाचं नाव लावल्याबगर आमाला टपाल सुदिक येत न्हाई. परवा धाकल्या तात्याबाच्या सासऱ्याचं आवतन मला आलं. मी जाऊन जेवून बी आलो."

"मग?"

"मंग काय, सासरा म्हनला, जावई लई म्हातारा झाला!"

एरवी मीही हसलो असतो. त्या दिवशी हसू येईना. मी आल्याचे कारण तात्याबांना सरळ सांगितले नाही. माल परत येतो आहे, थोडी चौकशी करायची आहे, एवढेच म्हणालो. पाटणकरांच्या ड्रॉवरमधला अर्ज माझ्या जिभेवर दहा वेळा आला आणि परत गेला.

"माझ्या मालात खोट?" तात्याबांचा चेहरा बदलला. "कोन म्हनतो?"

"कागद म्हणतो."

"कागदाला घेऊन या हितं. मी दावतो त्याला." त्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली. "चला."

वाडीच्या मागे माळ होता. मुरूम, गोटे, मधूनमधून करवंदीच्या जाळ्या. गवत वाळून पांढरे पडलेले. आणि त्या वाळलेल्या माळावर जागोजाग, एकही पान नसलेल्या, सरळ उभ्या दांड्या. काही हातभर, काही त्याहून उंच. दांडीवर लांब लांब अंतराने लोंबणारी घंटेसारखी फुले. रंग मळकट, तपकिरी हिरवट. देखणे काही नाही. पण मला त्या दांड्या पाहून इतके बरे वाटले की मी खाली गोट्यांवरच बसलो.

ही कोळकांद्याची खूण. पाने पावसाळ्यात येतात आणि हिवाळ्यात वाळून जातात. फूल मात्र उन्हाळ्याच्या तोंडावर, पान नसताना, नुसत्या दांडीवर येते. आपल्याकडे जे दोन-तीन रानकांदे एकमेकांसारखे दिसतात, त्यांतला दुसरा, लिंबाएवढा भुईकांदा, पहिल्या पावसावर पानांसकट फुलतो. त्याच्या पानावर जांभळट ठिपके असतात. फाल्गुनात तो जमिनीखाली झोपलेला असतो.

तात्याबांनी एका दांडीशेजारी पहार घातली आणि कांदा वर काढला. दोन मुठींएवढा.

"ह्योच पाठवला. ह्याच माळाचा. आमच्या घरच्या बायांचे हात बघा, आजून खाजवत्यात. खोबऱ्याचं त्याल लावून लावून बरणी संपली."

"भुईकांदा मिसळला नाही ना कुणी?"

"ह्या दिसात भुईकांदा घावंल तरी का? कोळकांद्याची वाळकी पानं तरी जागंवर ऱ्हात्यात, ह्येचं वर ना पान ना फूल. मास्तर, त्यो शोधायला मला कुत्रं पाळावं लागंल."

हे मला आधीच सुचायला हवे होते. तात्याबांनी जेवल्याशिवाय सोडले नाही. मी जेवलो, पण घास गोड लागला नाही. माल बरोबर असल्याची खात्री मला आता जवळजवळ झाली होती. पण मग सबनीसांसारखा शिकलेला केमिस्ट तो चूक कसा ठरवतो? माझ्या मनाने लगेच उत्तर तयार केले. ते बरोबर असतील. तुला काहीतरी दिसलेले नाही.

परतीच्या मोटारीत माझ्या शेजारी एक पोस्टमन बसला होता. मिरजगावच्या पुढच्या चढावर गाडी थांबली, क्लीनर भट्टी ढवळायला उतरला, आणि आम्ही सगळे खाली उतरलो. वेळ जावा म्हणून मी पोस्टमनला तीन तात्याबांची गोष्ट सांगितली.

तो गंभीरपणे म्हणाला, "हसू नका. नावाखाली बापाचं नाव नसलं की मनीऑर्डर आम्ही देतच नाही. परत पाठवतो. शेरा मारतो, या नावाचा इसम सापडत नाही. इसम असतो हो. समोर उभा असतो. पण तो हा की तो, हे आम्ही कसं ठरवणार?"

तो बोलत राहिला. मी मात्र गाडीच्या चाकाकडे पाहत उभा होतो. या नावाचा इसम सापडत नाही. मागवलेली वनस्पती सिला इंडिका. आलेला माल सिला इंडिका नव्हे.

कुणाचा सिला इंडिका?

इथे आमच्या शास्त्रातली एक रीत सांगतो. प्रत्येक झाडाला शास्त्रात दोन शब्दांचे नाव असते. पहिला शब्द कुळाचा, दुसरा त्या झाडाचा. एवढे बहुतेकांना माहीत असते. पण त्यानंतर एक तिसरा, लहानसा शब्द असतो. बहुधा तोडून, दोन-चार अक्षरांतच लिहिलेला. ज्या शास्त्रज्ञाने ते नाव पहिल्यांदा दिले, त्याची ती खूण. लोकांना वाटते ती विद्वत्ता मिरवण्यासाठी असते. ती तशी नसते. ते बापाचे नाव आहे. कारण कधी कधी दोन शास्त्रज्ञ, एकमेकांचे न पाहता, दोन निराळ्या झाडांना एकच नाव देऊन बसतात.

सिला इंडिकाचे नेमके हेच झाले होते. फार पूर्वी एका साहेबाने आपल्या कोळकांद्याला हे नाव दिले. पुढे दुसऱ्यांनी पाहिले की याच्या बिया चपट्या, पापुद्र्यासारख्या आहेत आणि सिला कुळातल्या इतर कांद्यांच्या तशा नसतात. म्हणून त्यांनी त्याला त्या कुळातून काढून दुसऱ्या कुळात घातले. आता त्याचे नाव अर्जिनिया इंडिका झाले. जुने नाव असे मोकळे पडलेले पाहून आणखी एका साहेबाने ते भुईकांद्याला दिले. नियमाने असे करता येत नाही. एकदा एका झाडाला दिलेले नाव दुसऱ्याला देऊ नये. पण नियम होईतो पुस्तके छापून गेली होती, आणि पुस्तके कुणी फेकून देत नाही. म्हणजे जुन्या पुस्तकातला सिला इंडिका कोळकांदा आणि त्यानंतरच्या पुस्तकातला सिला इंडिका भुईकांदा. फरक फक्त शेवटच्या लहान शब्दाचा.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाताच मी दोन्ही पुस्तके काढून ताडून पाहिली. तसेच होते. मग मी ऑर्डर मागवली. तिच्यावर टाईप केले होते: सिला इंडिका. त्यापुढे काही नाही. ऑर्डर मूळची दिल्लीच्या कचेरीची; तो लहान शब्द तिथून नगरपर्यंत कुठेतरी गळाला होता. कुठे, ते आम्हाला कधीच कळले नाही. एखाद्या टायपिस्टला तो शाईचा डाग वाटला असेल. मीही सर्टिफिकेट लिहिताना ऑर्डरवरचे नाव जसेच्या तसे उतरवले होते आणि मनात कोळकांदा धरला होता.

सोमवारी सबनीस आले. उंच, शिडशिडीत, इस्त्रीचा खाकी पोशाख, कानामागे पेन्सिल. माणूस सज्जन, पण पुस्तकाबाहेर एक पाऊल टाकणार नाही असा. त्यांनी आपले पुस्तक बरोबरच आणले होते.

"हे पाहा," ते म्हणाले. "सिला इंडिका. कांदा लिंबाएवढा. पानांवर ठिपके. तुमच्या चकत्या मोठ्या कांद्याच्या आहेत. मी काय वावगं लिहिलं?"

"काहीच नाही," मी म्हणालो. "फक्त नावाच्या पुढचा तो तिरपा शब्द वाचा."

"तो? ते कुणाचं तरी नाव आहे. ते कोण वाचतं?"

"कुणीच वाचत नाही. म्हणून तर आपण इथे बसलो आहोत."

मी माझे पुस्तक त्यांच्या पुस्तकाशेजारी उघडून ठेवले. तेच दोन शब्द. तिसरा निराळा. वर्णन निराळे. सबनीसांनी एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे. मग पुन्हा इकडे.

पाटणकर म्हणाले, "एका कांद्याला दोन नावं, आणि दोन कांद्यांना एक नाव! कुलकर्णी, तुमच्या शास्त्रात धंदा कसा चालतो?"

"असाच चालतो साहेब. अडखळत."

सबनीस हट्टी असले तरी अप्रामाणिक नव्हते. ते विचार करून म्हणाले, "ठीक आहे. नावं दोन आहेत हे मान्य. पण ऑर्डर काढणाऱ्याला यातला कोणता हवा होता, हे तुम्ही कशावरून सांगता? तुम्हाला सोयीचा तो?"

प्रश्न रास्त होता. मी त्याची तयारी केली होती. "ऑर्डरमध्ये चकतीचं माप दिलंय. बोटभर लांबीची चकती. लिंबाएवढ्या कांद्यातून बोटभर लांब चकती कशी काढायची, ते मला दाखवा. मी इथेच विळी मागवतो."

पाटणकर खोकले. ते त्यांचे हसणे होते.

"हेही मान्य," सबनीस म्हणाले. "पण एक राहिलं. माझ्यापुढे वाळक्या चकत्या आहेत. त्या सगळ्या मोठ्याच कांद्याच्या, आणि त्यात तिसरं काही नाही, याला पुरावा काय? माळावरची फुलं तुम्ही पाहिलीत. मी नाही. आणि ती माळावरच्या कांद्याची होती, पोत्यातल्या कांद्याची नव्हेत."

मी पाटणकरांच्या ड्रॉवरकडे पाहिले. तेवढ्यात पाटणकर म्हणाले, "गुदामात एक पोतं आहे ना? न कापलेलं? ते तरी बघून टाका. मग मला मोकळं करा."

हे पोते मी विसरलो होतो. कापणाऱ्या बायांच्या हातांना फोड आले म्हणून शेवटचे एक पोते तसेच मागे राहिले होते. माल अडकल्यावर त्याच्याकडे कुणी फिरकले नव्हते.

गुदामाला एकच उंच झरोका होता. दार उघडून आम्ही आत गेलो, आणि पाटणकर उंबऱ्याजवळच थबकले.

"हे काय आहे?"

पोत्याच्या तरटातून दांड्या बाहेर आल्या होत्या. फिक्या, पिवळसर, उजेडाअभावी बारीक झालेल्या, पण दांड्याच. विणीतून वाट काढून त्या झरोक्याच्या दिशेने वाकल्या होत्या. ना माती, ना पाणी. दोन-तीन दांड्यांवर कळ्या होत्या, एकीवर दोन फुले उमललेली. तीच लोंबणारी, मळकट फुले. कांद्याला आपला हंगाम कळतो. तो कुणाच्या ऑर्डरची वाट पाहत नाही.

सबनीस गुडघ्यावर बसले. त्यांनी आपल्या हातांनी पोत्याचे तोंड सोडले आणि कांदे एकेक करून जमिनीवर मांडले. खाकी पँटला धूळ लागली त्याची त्यांनी पर्वा केली नाही. जवळजवळ सगळ्यांना दांडी फुटली होती. पान एकालाही नव्हते. ज्यांना दांडी नव्हती ते चार-पाच त्यांनी माझ्याकडून कापून घेतले आणि बाकीच्यांशी ताडून पाहिले. सारखेच. भुईकांदा एकही नाही.

"कुलकर्णी," ते उठत म्हणाले, "मी आयुष्यात पहिल्यांदा कोळकांद्याचं फूल पाहतोय. पाच वर्षं मी याच्या विलायती भाऊबंदाचा अर्क तपासत आलोय."

"हात धुवा लगेच," मी म्हणालो. "खाजेल."

"खाजतंय," ते म्हणाले.

त्यांनी तिथूनच वरच्या कचेरीला तार केली. नावापुढचा शब्द कोणता, एवढाच प्रश्न. दोन दिवसांनी उत्तर आले. शब्द जुन्या साहेबाचा होता. कोळकांदाच हवा होता. सबनीसांनी आपला शेरा आपल्याच हाताने खोडला आणि खाली सही केली. मला हे फार मोठे वाटले. माझ्यासारख्याला चूक मान्य करणे सोपे असते, कारण मी नसलेलीही मान्य करतो. त्यांच्यासारख्याला ते जड जाते.

पाटणकरांनी ड्रॉवर उघडला, अर्ज काढला, फाडून टोपलीत टाकला. "झालं. आणि हे बघा, हे त्या शिंद्यांना सांगू नका. उगीच माणूस दुखावतो. पुढच्या हंगामात माल हवाय."

मी "हो" म्हणालो. मला ते मनापासून पाळायचेही होते. पण आठवडाभर झोप लागेना. जेवताना तात्याबांच्या मिशा डोळ्यांसमोर येत. शेवटी रविवार पाहून मी पुन्हा त्या गॅसच्या मोटारीत बसलो.

तात्याबा ओट्यावर दोर वळत बसले होते. त्यांच्या पत्नी सुपात काहीतरी पाखडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळे सांगून टाकले. अर्ज, फौजदार, ड्रॉवर, सोमवार. "तुम्ही निर्दोष आहात हे मला पटत होतं, तरी मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही," असेही म्हणालो.

तात्याबांनी दोर खाली ठेवला. मला वाटले, आता हा माणूस पुन्हा आमच्या फाटकात पाऊल टाकणार नाही.

"म्हंजी त्या दिशी तुमी आल्ता, तवा माझ्या हातात बेड्या पडायच्या बेतात हुत्या?"

"हो."

"आन मी तुमाला पुरनाच्या पोळ्या वाढत हुतो?"

"हो."

ते पत्नीकडे वळले. "ऐकलं का गं? मी तुला म्हनलं न्हवतं, बामन मानूस आन दोन पोळ्यांतच हात धुतो, ह्येचं पोट बिघडलंय. पोट न्हवतं बिघडलं. पोटात फौजदार हुता!"

त्या सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "मला आधी म्हाईत असतं तर म्या दुसरी बी वाढली नसती." मग पदर तोंडाला लावून हसू लागल्या. तात्याबा आधीच हसत होते. मी हसलो तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. ते मी पुसले नाही. उन्हाचे आहे असे त्यांना वाटले असेल.

माल पास झाला. पुढच्या हंगामातही तात्याबांनीच कांदा दिला, आणि त्या वेळी मी पोत्यांतले कांदे फुले येईपर्यंत कापू दिले नाहीत. पाटणकर कुरकुरले, पण थांबले.

आता मी पन्नाशीकडे आलो आहे. माझ्या हाताखाली नवी मुले आली आहेत. ती झाडाचे नाव लिहितात आणि शेवटचा लहान शब्द गाळतात. विचारतात, "सर, तो कशाला? जागा जाते." मी त्यांना सांगतो, तो शब्द लिहायला जेवढी जागा लागते, त्यापेक्षा पोलीस कस्टडीत माणसाला जास्त लागते.